एकही गाणं न गाजलेले ऐंशीच्या दशकातले पॉप बँड

बी_साईड

दिवाळीसाठी माळा आवरायला घेतला आणि व्हायचं तेच झालं. माळा तसाच राहिला, मी कॅसेटींचा डबा घेऊन बसलो. त्यात टीडीकेची एक नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. माझा मामेभाऊ लेस्टरला असायचा, त्याने १९८८ साली कुणाच्या तरी हाती पाठवलेली. आतल्या कार्डावर बॉलपेनने मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात नावं: फेल्ट, द गो-बिट्वीन्स, द ब्लू नाइल, द पेल फाउंटन्स, द मोनोक्रोम सेट. आमच्या हॉस्टेलवर तेव्हा मायकल जॅक्सन, वॅम आणि मॉडर्न टॉकिंगचं राज्य. ही नावं कुणी ऐकलेली नव्हती. मला वाटायचं, आपण पुण्यात बसलोय म्हणून माहीत नाहीत, तिकडे घरोघरी वाजत असतील. बऱ्याच वर्षांनी कळलं की तिकडेही कुणी विचारत नव्हतं.

तर अशा बँडांसाठी हा धागा. अट एकच: ऐंशीच्या दशकातला बँड आणि ब्रिटन किंवा अमेरिकेच्या टॉप ४०मध्ये (त्या आठवड्यात सर्वात चाललेल्या चाळीस गाण्यांच्या यादीत) त्याचं एकही गाणं गेलेलं नसावं. एक हिट देऊन गायब झालेले नकोत, त्यांचे धागे पैशाला पासरी मिळतात.

सुरुवात माझ्या लाडक्या फेल्टपासून. बर्मिंगहॅमचा बँड, कर्ताधर्ता लॉरेन्स. आडनाव लावत नाही, नुसता लॉरेन्स. १९७९ साली घरच्या खोलीत एकट्याने साध्या कॅसेट रेकॉर्डरवर पहिली सिंगल (एखाद्या गाण्यापुरती छोटी रेकॉर्ड) रेकॉर्ड केली आणि स्वतःच काढली. मग ऐंशीच्या दशकाच्या दहा वर्षांत दहा अल्बम, दहा सिंगल आणि दशक संपताच दुकान बंद. सुरुवातीला ड्रमरला झांजा वाजवायची बंदी होती! १९८६ साली क्रिएशन या रेकॉर्ड कंपनीने बँडला घेतलं, तर यांनी तिथला पहिला अल्बम काढला तो एकही शब्द न गायलेला, वीसेक मिनिटांचा. १९८८च्या 'ट्रेन अबव्ह द सिटी'वर तर लॉरेन्स स्वतः काहीच वाजवत नाही, गातही नाही. त्याने फक्त गाण्यांना नावं दिली. बारशाला आत्या येते तसा.

पण 'प्रिमिटिव्ह पेंटर्स' (१९८५) ऐका. लॉरेन्स पुटपुटल्यासारखा गात राहतो आणि मागून कॉक्टो ट्विन्स या बँडच्या एलिझाबेथ फ्रेझरचा आवाज असा चढतो की अंगावर काटा येतो. माझ्या कॅसेटवर हे शेवटचं गाणं आणि ते अर्धंच आहे. आवाज टिपेला पोचतो, 'खट्' होतं आणि भीमसेनजींचं 'तीर्थ विठ्ठल' सुरू. भावाने जुन्या अभंगांच्या कॅसेटवर, खाचेवर सेलोटेप लावून, रेकॉर्डिंग केलं होतं. पूर्ण गाणं मी ऐकलं ते सोळा वर्षांनी.

चिवडा_मसाला

प्रिमिटिव्ह पेंटर्स ते तीर्थ विठ्ठल, काय ती सुरावट! वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खुसपटराव

विषय छान, पण अटीत खुसपट काढायलाच हवं, नाहीतर नाव बदलावं लागेल. टॉप ४०च का? ब्रिटनमध्ये तेव्हा यादी ७५ची छापून यायची. दुसरं म्हणजे 'प्रिमिटिव्ह पेंटर्स' तिकडच्या इंडी चार्टवर पहिल्या क्रमांकावर होतं. पहिला नंबर आलेलं गाणं 'न गाजलेलं' कसं काय?

बी_साईड

खुसपटराव आलात, धागा पावन झाला.

४० अशासाठी की रविवारी संध्याकाळी बीबीसीच्या रेडिओ वनवर टॉप ४० ओळीने वाजायची आणि अख्खा देश ती ऐकायचा. टॉप ऑफ द पॉप्समध्ये टीव्हीवर दिसायचं तरी साधारण त्याच यादीत असावं लागे. ४१व्या क्रमांकावरचं गाणं म्हणजे मेरिट लिस्टच्या खालचं पहिलं नाव. पेपरात फोटो नाही, पेढे नाहीत.

इंडी चार्ट १९८० साली सुरू झाला. त्याचा संगीताच्या शैलीशी संबंध नव्हता. मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून न गेलेली रेकॉर्ड असली की झालं. म्हणजे तालुका पातळीवरचा पहिला नंबर म्हणा. फेल्टचं ते गाणं तिथे पहिलं आलं आणि राष्ट्रीय यादीत कुठेच नव्हतं, हीच तर गंमत आहे.

शिवाय राष्ट्रीय यादी देशातल्या सगळ्या दुकानांची विक्री मोजून बनत नसे, ठरावीक दुकानांच्या आकड्यांवरून अंदाज काढत. ती दुकानं कोणती हे कंपन्यांच्या माणसांना बरोबर ठाऊक असायचं. मग तिथे फुकट रेकॉर्डी दे, भेटवस्तू दे, हे चालायचं. १९८० साली 'वर्ल्ड इन ॲक्शन' या टीव्ही कार्यक्रमाने ते चव्हाट्यावर आणलं होतं. छोट्या कंपनीला एवढा हात सैल सोडणं परवडणार कुठून?

मुक्तछंदा

थांबा थांबा. गो-बिट्वीन्स हा बँड आहे?? मी ब्रिस्बेनला राहते. मिल्टनहून साउथ ब्रिस्बेनला जायला आमच्याकडे नदीवर 'गो बिट्वीन ब्रिज' आहे. नऊ वर्षं रोज त्यावरून ऑफिसला जातेय, टोल भरतेय. मला वाटायचं दोन काठांच्या मधून जातो म्हणून 'गो बिट्वीन'. नवऱ्यालाही मीच हे आत्मविश्वासाने सांगितलं होतं.

बी_साईड

मुक्ताताई, दंडवत घ्या! तो पूल याच बँडच्या नावाने आहे. २०१० साली खुला झाला, नाव लोकांच्या मतांवरून ठरलं. आयुष्यात एक हिट नाही आणि गावाने नदीवरच्या पुलाला नाव दिलं. त्या टोलमधून जेवढा पैसा जमतो तेवढा बँडने उभ्या जन्मात पाहिला नसेल.

आता त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण या धाग्याचं खरं दैवत तेच.

रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन हे क्वीन्सलँड विद्यापीठातले मित्र. १९७७च्या शेवटी बँड काढला तेव्हा ग्रँटला धड वाद्य येत नव्हतं, तो सिनेमावेडा. रॉबर्टने त्याला बेस शिकवला. ब्रिस्बेन तेव्हा आजच्यासारखं मोकळंढाकळं नव्हतं. जो ब्येल्के-पीटरसन हे १९६८ ते १९८७ सलग क्वीन्सलँडचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री), रस्त्यावर मोर्चा काढायलाही १९७७ साली बंदी घातलेली, पोलिसांचा दरारा. गाणीबिणी करणारी पोरं संधी मिळाली की गाव सोडायची. हेही लंडनला गेले, रफ ट्रेड कंपनीकडून रेकॉर्डी काढल्या. थंडी, फाके, भाड्याच्या खोल्या.

तिथे ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हच्या गिटारवर ग्रँटने 'कॅटल अँड केन' रचलं. ग्रँट लहान असतानाच वडील गेले, पुढे त्याचं घर म्हणजे गुरांचं मोठं रान. शाळेतून सुट्टीला आगगाडीने परतणारा मुलगा, दोन्ही बाजूंना ऊस, वडिलांचं हरवलेलं घड्याळ. एवढंच आहे गाण्यात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द निम्मे कळले नव्हते, तरी मला आमची दौंड-नगर पॅसेंजर दिसली होती.

१९८८ साली 'सिक्स्टीन लव्हर्स लेन' आला. त्यातलं 'स्ट्रीट्स ऑफ युअर टाउन' हिट होण्यासाठीच जन्माला आलं होतं. कोवळ्या उन्हासारखी चाल, एकदा ऐकलं की दिवसभर तोंडात. (आत मात्र बायकांना होणाऱ्या मारहाणीचा उल्लेख आहे, चालीच्या नादात तो निसटून जातो.) ब्रिटनमध्ये कितव्या क्रमांकापर्यंत गेलं? ८०. पुढच्याच वर्षी बँड मोडला.

पखवाज_नव्हे_तबला

'कॅटल अँड केन' आत्ता यूट्यूबवर ऐकलं. पहिल्यांदा पाय चुकला. परत लावून टाळी धरली. कडव्यात ५ + २ + ४ = ११ मात्रा येतात! आपल्याकडचा रुद्र ताल ११ मात्रांचाच. विभागणी वेगळी, पण सम पकडल्यावर गाणं इतकं सहज वाहतं की हा अवघड ताल आहे हे विसरायला होतं. ड्रमर कोण आहे?

बी_साईड

लिंडी मॉरिसन. तिच्याशिवाय हा बँड उभाच राहिला नसता. हॉस्टेलवर हे गाणं लावलं की सगळे माना डोलवायचे, पण एकाच्याही मानेचा ठेका दुसऱ्याशी जुळत नसे. आज कारण समजलं, धन्यवाद.

गुऱ्हाळ

संगीतातलं मला फार कळत नाही, पण एक शंका. मोठ्या कंपनीने करार केला की पैसे मिळतातच ना? मग हिट नसली तरी पोट भरायला काय हरकत?

बी_साईड

भाऊ, तुमच्या नावावरून अंदाज बांधून विचारतो: ऊसतोडीची उचल माहीत आहे ना?

गुऱ्हाळ

माहीत म्हणजे? आमच्या भागात निम्मी गावं दसरा झाला की कोयता घेऊन निघतात. मुकादम आधी उचल देतो, मग हंगामभर तोडून ती फेडायची. फिटली नाही की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे.

बी_साईड

तेच. अगदी तेच. कंपनी बँडला उचल देते. मग स्टुडिओचं भाडं आणि बऱ्याचदा व्हिडिओचा खर्चही त्याच खात्यावर चढतो. फेड कंपनीच्या वाट्यातून होत नाही, बँडला प्रत्येक रेकॉर्डमागे जे चार पैसे मिळायचे त्यातून होते. म्हणजे रेकॉर्ड बऱ्यापैकी खपली तरी बँडच्या नावावर बाकीच निघते. कोयता हातात नाही एवढाच फरक (आणि उपाशी राहायची वेळ आली तर घरी परत जायची सोय, हा फार मोठा फरक, उगाच बरोबरी करत नाही).

लिव्हरपूलच्या पेल फाउंटन्सचं असंच झालं. व्हर्जिन कंपनीने मोठी उचल देऊन घेतलं. १९८२चं 'थँक यू' हे गाणं म्हणजे व्हायोलिनं, ट्रम्पेट, सगळा थाटमाट. गेलं ४८व्या क्रमांकापर्यंत. दोन अल्बमांनंतर खेळ खलास.

टिवल्याबावल्या

पेल फाउंटन्सचा मायकल हेड म्हणजे दुर्दैवाचा सातबाराच आहे. पुढे त्याने भावाबरोबर शॅक हा बँड काढला. 'वॉटरपिस्टल' नावाचा अल्बम रेकॉर्ड केला आणि स्टुडिओ जळाला, मूळ टेप त्यातच गेल्या. एक प्रत निर्मात्याकडे होती, ती तो अमेरिकेत भाड्याच्या गाडीत विसरला. शोधाशोध करून मिळाली. तोवर कंपनी बुडालेली. अल्बम निघाला थेट १९९५ साली, एका छोट्या जर्मन कंपनीकडून.

खुसपटराव

'वॉटरपिस्टल' नव्वदच्या दशकातला, धाग्याच्या अटीत बसत नाही.

टिवल्याबावल्या

खुसपटराव, अहो, त्या माणसाचा स्टुडिओ जळाला. एवढं तरी बसू द्या.

धुकेरी

ग्लासगोहून लिहितेय, तेव्हा ब्लू नाइल माझ्याकडे. पॉल ब्युकॅनन, रॉबर्ट बेल आणि पॉल जोसेफ मूर. 'अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स' (१९८४) काढला तो लिन कंपनीने. ही मुळात इथली महागड्या रेकॉर्ड प्लेअरसाठी नावाजलेली कंपनी. म्हणजे गिरणीवाल्याने पीठ कसं बारीक येतं ते दाखवायला पोळ्या लाटून वाटाव्यात, तसं.

दुसरा अल्बम 'हॅट्स' यायला पाच वर्षं लागली, १९८९. पुढचे दोन १९९६ आणि २००४. वीस वर्षांत चार अल्बम! 'हॅट्स' ऐकायचा तो पावसात, रात्री, बसच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून. ओल्या रस्त्यावर पिवळे दिवे सांडलेले असतात तेव्हा. इथे असा मुहूर्त आठवड्यातून पाच दिवस असतो. टॉप ४०मध्ये त्यांची एकही सिंगल गेली नाही.

माझी लेक सोळा वर्षांची आहे. २०२४ साली टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बममधल्या एका गाण्यात ब्लू नाइल आणि त्यांच्या 'डाउनटाउन लाइट्स'चा उल्लेख आला. लेक धावत आली, "आई, तुला ब्लू नाइल माहितीये?" गाडीत तिला जन्मापासून तेच ऐकवत आलेय. "ते तुझं रडकं गाणं होतं ना, तेच हे?" म्हणाली. त्या दिवसापासून मला घरात थोडा मान आहे.

खुसपटराव

नियमाप्रमाणे सिंगल नसेलही, पण 'हॅट्स' अल्बमच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत गेला होता. हॉलंडमध्ये 'टिन्सेलटाउन इन द रेन' बरंच वाजलं होतं. त्यांना उपेक्षित म्हणणं म्हणजे बंगलेवाल्याने आपण गरीब आहोत म्हणण्यासारखं आहे.

धुकेरी

मान्य. पण रडकं गाणं हिट झालं नाही हे तर खरं ना?

मांडवी

अवांतर होईल, पण आपल्याकडचा रेमो आठवला. १९८४ साली 'गोवन क्रेझी' घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर केला. सगळी वाद्यं स्वतः वाजवली, कव्हरही स्वतःच केलं आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या. लॉरेन्सचीच गोवेकर आवृत्ती. फरक एवढा की रेमोला पुढे हिंदी सिनेमा भेटला आणि 'जलवा'नंतर अख्ख्या देशाला त्याचं नाव कळलं.

पेंगुळलेला

मांडवी +१. मुंबईत रॉक मशीन होता, नंतर त्यांनी इंडस क्रीड नाव घेतलं. धोबीतलावच्या रंगभवनात त्यांना ऐकलंय, कान दोन दिवस वाजत होते. पण आपल्याकडे इंग्रजी गाणाऱ्यांसाठी रविवारी रेडिओवर लागणारी टॉप ४० नव्हतीच, मग हिट नाही म्हणायचं तरी कशाच्या आधारावर? परीक्षाच नाही तर नापास कोण?

बी_साईड

हे आवडलं. यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

भारताचा विषय निघालाच आहे तर माझ्या यादीतलं शेवटचं नाव, मोनोक्रोम सेट. लंडनचा बँड, गायक 'बिड'. खरं नाव गणेश शेषाद्री. १९८८ साली मला हे माहीत असतं तर हॉस्टेलवर मिरवून घेतलं असतं. आवाजात मिश्कील तोरा, गिटार जुन्या हेरपटातली. 'द स्मिथ्स' बँडचे मॉरिसी आणि जॉनी मार हे दोघेही यांचे चाहते. १९८५ साली मोठ्या कंपनीने 'जेकब्स लॅडर'वर जोर लावला, टाळ्याबिळ्या, कोरस, सगळं घातलं. तेही ८०च्या आसपास अडकलं. तो ऐंशीचा आकडा या लोकांच्या पत्रिकेत कुठे बसलेला असायचा कोण जाणे.

जॉर्जियाची_पोळी

अमेरिकेकडून एकच नाव: पायलॉन, अथेन्स, जॉर्जिया. आर्टच्या विद्यार्थ्यांनी काढलेला बँड. मजा येतेय तोवर करायचं, हा त्यांचा बाणा. १९८३ साली यू-टूच्या आधी काही कार्यक्रमांत वाजवायची संधी मिळाली. तिथून लोक वर जातात, यांनी त्याच वर्षी बँड बंद केला, कारण मजा संपत चालली होती. १९८७ साली रोलिंग स्टोनने त्यांच्याच गावच्या आर.ई.एम.ला अमेरिकेतला सर्वोत्तम बँड म्हटलं, तर आर.ई.एम.चा ड्रमर बिल बेरी म्हणाला की तो मान पायलॉनचा. पॉप म्हणता येईल का, हे खुसपटराव ठरवतील.

खुसपटराव

नाचता येतं. चालेल.

टिवल्याबावल्या

फेल्टवाल्या लॉरेन्सची पुढची गोष्ट राहिली की. नव्वदच्या दशकात त्याने डेनिम काढला. १९९७ साली ईएमआयच्या पाठबळावर 'समर स्मॅश' नावाचं उडतं गाणं तयार झालं, रेडिओवर वाजायलाही लागलं. आयुष्यात पहिल्यांदा हिट समोर दिसत होती. आणि ३१ ऑगस्टला डायानाचा अपघात. 'स्मॅश' नावाचं गाणं त्या आठवड्यात कोण काढणार? कंपनीने ते मागे घेतलं.

(खुसपटराव, नव्वदचं आहे, माहितीये.)

खुसपटराव

मी काहीच म्हणालो नाही.

मुक्तछंदा

काल ऑफिसला जाताना गाडीत 'कॅटल अँड केन' लावलं. बरोबर पुलावर ऊस आला. मग घरी येऊन ग्रँटबद्दल वाचलं. रॉबर्ट आणि तो २००० साली पुन्हा एकत्र आले होते, तीन अल्बम केले, २००५च्या अल्बमला इथला मोठा पुरस्कारही मिळाला. आणि ६ मे २००६ला, घरी पार्टीची तयारी चाललेली असताना तो जरा पडतो म्हणून आत गेला, तो उठलाच नाही. ४८ वर्षांचा होता. पूल त्यानंतर चार वर्षांनी झाला.

नवऱ्याला नावाचा खरा अर्थ सांगितला. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं."

बी_साईड

धाग्याच्या निमित्ताने काल मामेभावाला फोन केला. पस्तीसेक वर्षं मनात होतं ते विचारलं: प्रिमिटिव्ह पेंटर्स अर्धंच का रे भरलंस? माझा अंदाज होता की टेप कमी पडेल म्हणून त्याने थांबवलं असेल.

तो हसायलाच लागला. म्हणाला, मामा कामावरून लवकर आले. पुण्याहून येताना नेलेली त्यांची भीमसेनजींची ती एकुलती एक कॅसेट, टेपरेकॉर्डरमध्ये फिरताना दिसली. बूटही न काढता आत आले आणि स्टॉपचं बटण दाबलं. मग दोन दिवस घरात अबोला. शेवटी मामांनीच ती कॅसेट पाकिटात घालून माझ्या नावाने पाठवून दिली, "त्याला दे, त्याला दोन्ही आवडेल" म्हणाले.

मामा जाऊन आता बारा वर्षं झाली. कॅसेटच्या पाकिटावरचा पत्ता त्यांच्या अक्षरात आहे, हे मी आज पाहिलं.

चिवडा_मसाला

ती कॅसेट एमपीथ्री करून टाका ना कुठेतरी. मधला 'खट्' काढू नका.